दक्षिणेला पडणारी सावली

एडिसन, न्यू जर्सी
२७ एप्रिल २००३

चि. केदार यास बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा रेणूने रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तू तीनदा विचारलंस, बाबा, ऐकू येतंय का. अरे गाढवा, ऐकू येतंय. बोलता येत नाही. गळ्यातला आवाजाचा डबा जानेवारीत डॉक्टरांनी काढून नेला, तेव्हा तू खाटेपाशीच उभा होतास. म्हणून हा फॅक्स. घरात बोलायला निधीची पाटी आहे, ती वर उचलली की अक्षरं पुसणारी. सहा वर्षांच्या मुलीला मराठी वाचता येत नाही आणि मला तिचं इंग्रजी पुरतं कळत नाही, त्यामुळे आमचं चित्रांवर भागतं.

मुद्द्याचं लिहितो. तुझं ऑफिसचं काम आठवड्यात संपेल. त्यानंतर अमेरिकेच्या व्हिसाच्या खिडकीवर जा, पासपोर्टवर शिक्का घे आणि तडक ये. सोळा मेची नागपूरची तिकिटं आहेत. शिक्क्याशिवाय तू मला पोचवायला आलास तर तुला इकडे परत येता येणार नाही, आणि मुंबईत तारखा मिळत नाहीत, हे सगळं तुझ्या मित्राने, अतुलने, मला पाटीवर आकृती काढून समजावलं. त्याचं म्हणणं की ब्युनोस आयर्सला गर्दी नसते, चार दिवसांत काम होतं. होवो बाबा. डॉक्टर आता माझ्याबद्दल महिन्यांच्या भाषेत बोलत नाहीत, आठवड्यांच्या बोलतात. मला माझ्या घरी, माझ्या खाटेवर, शेजारच्या एकनाथच्या बडबडीत जायचं आहे. दुसरी इच्छा नाही.

तिसरी मात्र आहे. आठवीच्या पोट्ट्यांना मी जन्मभर दक्षिण अमेरिका शिकवली. पंपास म्हणजे गवताळ प्रदेश, हे सांगताना नकाशावरच्या पिवळ्या रंगावर छडी ठेवायची. ते गवत मी पाहिलं नाही. ती ला प्लाता नदी, जिचा दुसरा काठ दिसत नाही म्हणतात, तीही नाही. आयता गेला आहेस, तर जे बघशील ते लिही. नुसतं छान आहे, मोठं आहे असं लिहू नकोस. तसं लिहिणाऱ्याला मी दहातले दोन देत असे.

थंडी सुरू होत असेल तिकडे, मफलर घाल.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बाबा


ब्युनोस आयर्स
२ मे २००३

तीर्थरूप बाबांना केदारचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचा फॅक्स मिळाला. हॉटेलच्या कोपऱ्यावर फोन आणि फॅक्सचं दुकान आहे, अगदी आपल्या एसटीडी बूथसारखं. दुकानातल्या बाई तुमचं पत्र उलटं धरून बघत होत्या.

ऑफिसचं काम संपलं. व्हिसाच्या खिडकीवरही जाऊन आलो. थोडा वेळ लागणार असं दिसतंय. त्यांनी माझी डिग्री बघितली, धातुशास्त्र म्हटल्यावर दोन-चार प्रश्न जास्त विचारले, पासपोर्ट ठेवून घेतला आणि चौकशी पूर्ण झाली की कळवू म्हणाले. हल्ली सगळ्यांचंच असं होतं. सोळाच्या आत होईल, काळजी करू नका.

आता तुमचा गृहपाठ. काल मुख्य चौक पाहिला, प्लाझा दे मायो. पूर्वेला राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा आहे, खरंच गुलाबी, आपल्याकडच्या बर्फीसारखा. चौकाच्या उत्तर बाजूला मोठं चर्च. त्याला समोर बारा खांब आहेत, एखाद्या ग्रीक देवळासारखे. मी भर दुपारी बारा वाजता तिथे होतो. त्या खांबांवर समोरून लख्ख ऊन पडलं होतं, डोळे दिपत होते. कबुतरं भरपूर. मग कॉफी प्यायलो. शहर फार सुंदर आहे, रुंद रस्ते, जुन्या युरोपसारख्या इमारती. तुम्हाला फार आवडलं असतं.

औषधं वेळेवर घ्या. निधीला पापा. रेणूला सांगा की मी नीट जेवतो.

आपला आज्ञाधारक,
केदार


एडिसन
५ मे २००३

प्रिय केदार,

फोनवर तुझ्याशी काही बोलता येत नाही. बाबांचा आवाज गेलाय, कान शाबूत आहेत, आणि घर केवढंसं आहे ते तुला माहीत आहे. म्हणून निधीला शाळेत सोडून दुकानातून हा फॅक्स करतेय. इथल्या काउंटरवर उभं राहून लिहितेय, अक्षर समजून घे.

बाबांची तब्येत बरी नाही. शुक्रवारपासून खोकल्यातून रक्त पडतंय. ते टिश्यू माझ्यापासून लपवतात, सोफ्याच्या उशीखाली खुपसतात. नळीतून दिलेलं दूधही उलटतं. नर्स म्हणाली की विमानात बसवायचं असेल तर लवकरात लवकर, नाहीतर विषय सोडून द्या.

आता मी काय करू ते सांग. मी एकटी त्यांना घेऊन जाऊ शकते, पण माझा व्हिसा तुझ्या व्हिसाला बांधलेला. तुझं तिकडे अडकलं तर मी आणि निधी नागपूरला अडकणार. अडकू दे, असंही एकदा वाटून गेलं. किंवा तू पासपोर्ट परत माग. अर्ज रद्द होईल, नोकरी जाईल, पण तिथून सरळ नागपूर गाठशील आणि बाबांना भेटशील. मी तुला हे कर असं सांगणार नाही. उद्या तू मला बोल लावशील किंवा मी तुला लावीन, आणि दोन्ही मला नको आहे.

अतुल काल ओक ट्री रोडवरून इडल्या घेऊन आला होता. ज्या माणसाला पाणी गिळता येत नाही त्याच्यासाठी इडल्या! त्याच्या त्या चार दिवसांत काम होतं या सल्ल्याचा मला इतका संताप आला की डबा दारातूनच परत देणार होते. मग त्याचं तोंड बघितलं आणि घेतला. तोही रडवेला झालाय.

तुझं वर्णनाचं पत्र बाबांनी चारदा वाचलं. निधीच्या शाळेच्या लायब्ररीतून तुझ्या शहराचं पुस्तक मागवलंय. भिंग घेऊन नकाशा बघत बसतात. काहीतरी शिजतंय त्यांच्या डोक्यात.

लवकर लिही रे.
रेणू


एडिसन
७ मे २००३

चि. केदार यास आशीर्वाद, आणि कानाला हात पुरत असता तर कानही धरला असता.

तुझं चर्च मी पुस्तकात शोधलं. तू लिहिलंस तसंच ते चौकाच्या उत्तरेला आहे, म्हणजे त्याचं तोंड दक्षिणेला. आता डोकं चालव. तू विषुववृत्ताच्या खाली आहेस. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मे महिन्यात बारा वाजता त्या खांबांवर समोरून उन्हाची तिरीपसुद्धा पडणार नाही, ते सावलीत असतात. तुझे डोळे कशाने दिपले?

तू तिथे गेलाच नाहीस. कुठल्या तरी पुस्तकातलं चित्र बघून लिहिलंस आणि ऊन आपल्या घरचं टाकलंस. भूगोलाच्या मास्तराचा मुलगा! दहातलं शून्य.

मला राग त्याचा नाही. तू हॉटेलच्या खोलीत भिंतीकडे बघत बसलायस, हे मला त्या खांबांवरून कळलं, त्याने जीव तुटला. तू लहानपणापासून असाच. आईच्या श्राद्धाला दरवर्षी दक्षिणेकडे तोंड करून बसतोस, तर्पण करताना डोळे पुसतोस आणि विचारलं की दुपारचं ऊन डोळ्यांत गेलं म्हणतोस. मी कधी काही बोललो नाही. पण मला खोटं ऊन नको, केदार. माझ्याकडे आता फार वाचायला वेळ नाही, तर खरं तेवढं पाठव.

बाहेर पड. बाराच्या ठोक्याला चौकात उभा राहा आणि तुझी सावली कुठे पडते ते बघ. नदी बघ. काय दिसतं ते लिही, वाईट असलं तरी लिही. मी काही लहान मूल नाही.

रागावलेला पण तुझाच,
बाबा


ब्युनोस आयर्स
९ मे २००३

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पकडलंत. मी चौकात गेलो नव्हतो. व्हिसाच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे एक दगडी कठडा आहे. रोज सकाळी तिथे जाऊन बसायचो, कुणीतरी नाव पुकारेल म्हणून. चर्चचं चित्र हॉटेलातल्या कॅलेंडरवर होतं.

काल गेलो. बारा वाजता सावली माझ्या पायांपासून दक्षिणेला पडली होती. चर्चचे खांब काळोखे आणि गार होते, हात लावून पाहिला. मी एकदम भांबावलो. सूर्य चुकीच्या बाजूला असला की डावं-उजवं कळेनासं होतं, मी हॉटेलकडे परततानाही उलट्या दिशेने बरंच चालत गेलो.

खरं सांगायचं तर शहर आजारी आहे. बँकांच्या काचांवर लोखंडी पत्रे ठोकलेत आणि ते पत्रे पोचे पडलेले आहेत. लोकांनी पातेली आणि हातोड्या घेऊन बडवलेत, कारण त्यांचे पैसे आत अडकले. दुकानातल्या फॅक्सच्या बाई हातवारे करून सांगत होत्या, त्यांचेही होते. संध्याकाळ झाली की माणसं घरच्या बायकामुलांसकट हातगाड्या ओढत येतात आणि कचऱ्यातले पुठ्ठे वेचतात. चांगल्या कोटातली माणसंही आहेत त्यांच्यात. एकजण पुठ्ठ्याची घडी इतकी नीट घालत होता की बँकेत कारकून असेल असं वाटलं. रस्ते रुंद आहेत, इमारती देखण्या आहेत, हेही खोटं नाही.

आज नदी पाहिली. तांबूस गढूळ पाणी, आणि समोर काही नाही. दुसरा काठ खरंच दिसत नाही, बाबा. तुम्ही छडी ठेवायचात त्या नकाशावर ती इतकी रुंद वाटली नव्हती.

आता माझं ठरलं आहे. सोमवारी सकाळी पासपोर्ट परत मागतो, अर्ज लिहून खिशात ठेवला आहे. तुम्ही रेणूबरोबर सोळाच्या विमानाने निघा. मी इथून परस्पर नागपूर गाठतो आणि तुमच्या आधी घराचं कुलूप काढून ठेवतो. नोकरीचं बघू पुढे. तुम्ही नाही म्हणू नका.

केदार


एडिसन
१० मे २००३

चि. केदार यास अनेकोत्तम आशीर्वाद. वि. वि.

या खेपेला दहातले आठ. पुठ्ठ्याची घडी आवडली. दोन मार्क शेवटच्या परिच्छेदाचे कापले.

अर्ज फाडून टाक. मी रेणूला सोळाची तिकिटं रद्द करायला लावली आहेत, आत्ताच केली तिने. मे महिन्यात नागपूरला भाजून घ्यायला कोण शहाणा जातो? एकनाथ फोनवर सांगत होता की कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. इथे खिडकीबाहेर झाडाला गुलाबी फुलं आली आहेत, निधी शाळेतून येऊन मला चित्रं काढून दाखवते, नर्स बाई प्रेमळ आहे. काल थोडा रव्याचा शिरा जिभेवर ठेवला, गोड लागला. खोकलाही कमी आहे. जूनमध्ये ऊन उतरलं की आपण दोघं मिळून जाऊ. तोवर मी इथून हलत नाही.

तू शिक्का घेऊनच ये. घाई करून पासपोर्ट मागितलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. हसू नकोस, पाटीवरसुद्धा लिहिणार नाही. बापाची आज्ञा समज.

उद्या रविवार आहे. पुस्तकात सान तेल्मो म्हणून जुन्या वस्तीतला बाजार दिला आहे. तो बघ आणि लिही. आणि ते पंपासचं गवत राहिलं.

तुझा,
बाबा


ब्युनोस आयर्स
१२ मे २००३

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं ऐकलं. आज सकाळी खिडकीपाशी रांगेत उभा होतो, अर्ज हातात होता. माझा नंबर आला तेव्हा फक्त चौकशी कुठवर आली एवढंच विचारलं. अजून चालू आहे म्हणाले. अर्ज फाडला. शिरा गोड लागला हे वाचून किती बरं वाटलं, काय सांगू. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

काल बाजार पाहिला. लोकांनी घरातल्या चांदीच्या वाट्या, जुनी घड्याळं, लग्नातले फोटोसुद्धा फ्रेमसकट विकायला मांडले होते. फोटो कोण विकत घेणार? चौकात एक म्हातारा-म्हातारी ओव्हरकोट घालून टँगो नाचत होते. गंमत म्हणजे दोघंही हसत नव्हते. हिशोब करायला बसल्यासारखे गंभीर चेहरे, आणि पाय मात्र काय सुरेख पडत होते! म्हातारा मधेच थांबला, खोकला, म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा सुरू. मला तुमची आणि आईची आठवण आली. तुम्ही नाचला नसतात, वाद घातला असतात.

गवत अजून सापडलं नाही. नदीकाठी एक राखीव रान आहे म्हणतात, तिथे शोधतो. सापडलं की एक तुरा खिशात घालून आणीन, कस्टमवाल्यांनी पकडलं तर तुमचं नाव सांगेन.

जूनमध्ये नक्की जाऊ. मी बरोबर असलो म्हणजे एकनाथकाकांची बडबड वाटून घेता येईल.

केदार


एडिसन
१६ मे २००३

केदार,

बुधवारी फोनवर मी बाबा गेले एवढंच म्हणू शकले. उरलेलं आज लिहिते. आज आपण विमानात बसलेले असतो.

सगळं सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. आठ तारखेला बाबांनी मला खोलीबाहेर पाठवून पाटीवर लिहून लिहून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं, ते बाबांना म्हणाले होते की विमान झेपणार नाही, वाटेतच जाल, आणि घरी राहिलात तरी फार तर आठवडा. दुसऱ्या दिवशी तुझा फॅक्स आला, मी पासपोर्ट परत मागतो म्हणून. तो वाचून ते इतके घाबरले, केदार, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते नागपूरला पोचणार नव्हते, आणि तू त्यांच्यासाठी सगळं सोडून तिथे कुलूप काढून बसणार होतास. त्यांनी पाटीवर लिहिलं की पोराचा बापही जायचा आणि घरही जायचं, असं होऊ देणार नाही. तुला काही कळवायचं नाही, अशी मला निधीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली. शिरा वगैरे काही नव्हतं. मी चमचा ओठाला लावला होता, त्यांनी मान फिरवली.

मी शपथ मोडायला हवी होती का? बारा तारखेचं तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. तू पोटभर जेवलास तिथे त्यांनी माझा हात दाबला. टँगोचा भाग पुन्हा वाचायला लावला. बुधवारी सकाळी गेले.

काल स्मशानात, म्हणजे इथे एक हॉल असतो, गालिचा घातलेला, आणि भिंतीवर भट्टीचं बटण. भटजींनी विचारलं की मुलाच्या वतीने कोण. अतुल पुढे आला. मी त्याला थांबवलं आणि बटण मी दाबलं. कुणाला विचारलं नाही. पाच महिने त्यांचं सगळं मी केलं होतं, हे परक्याच्या हातून नको वाटलं. अस्थी कपाटात वरच्या खणात ठेवल्यात, तुझ्या शर्टांशेजारी. तू आलास की नागपूरला नेऊ.

मंगळवारी त्यांनी तुझ्यासाठी पाटीवर लिहिलं होतं. अक्षर इतकं वाकडं की लागायला वेळ लागला. केदारला सांग, तर्पण तिथेच कर, माझ्यासाठी थांबू नकोस. दक्षिण नीट बघून घे. निधी आता कुणाला ती पाटी उचलू देत नाही, पुसलं जाईल म्हणते, इंग्रजीत.

स्वतःला जप. मला दुसरं काही सुचत नाही.
रेणू


ब्युनोस आयर्स
२३ मे २००३

(रेणू, हे बाबांच्या फोटोपाशी ठेव. तुझ्यावर माझा राग नाही. होता, दोन दिवस, आणि बटण तू दाबलंस तेवढं पुन्हा वाचल्यावर तो राहिला नाही.)

तीर्थरूप बाबांना केदारचा शिरसाष्टांग नमस्कार. नावामागे कैलासवासी लावण्याची रीत आहे. मला जमलं नाही.

मी तुमच्यावर चिडलोय. तुम्ही मला खोटं ऊन नको म्हणालात आणि स्वतः शिरा लिहून पाठवलात. मी भूगोलाच्या मास्तराचा मुलगा आहे, पण शिऱ्याच्या खोटेपणाची खूण कुठल्या नकाशावर बघायची? तुम्हाला मिळालेल्या आठवड्यात मी म्हातारा-म्हातारीचा नाच बघत होतो आणि जेवत होतो, बाबा.

पासपोर्टचं उत्तर अजून नाही.

आज दशक्रिया केली. काळे तीळ चिनी वस्तीतल्या एका दुकानात मिळाले. दर्भ कुठून आणणार? नदीकाठच्या त्या राखीव रानात गेलो आणि तिथे तुमचं गवत सापडलं. पंपासचं. माणसापेक्षा उंच आहे, वर पांढरे, मऊ तुरे. पण पातं हातात धरलं की बोट कापतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्याचीच अंगठी वळली, बोटात घातली. रक्त आलं थोडं. तो काठ पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याने भरून काढलेला आहे. विटा लाटांनी झिजून गोल झाल्यात, त्यांच्यावर अनवाणी उभा राहिलो. मंत्र येत नव्हते. तुमचं नाव, गोत्र आणि आजोबांचं नाव एवढं म्हटलं.

भाताचा पिंड हॉटेलच्या स्वयंपाक्याकडून भात मागून केला होता. ठेवून वाट बघत बसलो, मग आठवलं की दक्षिण अमेरिकेत कावळे नाहीत. तुम्हीच आठवीत सांगितलं होतंत आणि आम्ही हसलो होतो. अख्ख्या खंडात तुमची काही इच्छा राहिली का हे विचारायला एक पक्षी नाही. आणि ती काय राहिली आहे ते मला कावळ्याशिवायही माहीत आहे. मीच ती पुरी करू शकलो नाही.

बारा वाजता पाण्यात उभा राहिलो. दक्षिण नीट बघून घेतली. सूर्य पाठीमागे होता आणि माझी सावली समोर, त्या गढूळ पाण्यावर, थेट दक्षिणेला पडली होती. त्याच सावलीवर तीळ सोडले.

दरवर्षी ऊन डोळ्यांत गेलं म्हणायचो. आज ऊन पाठीवर होतं, बाबा. आज काही सबब नव्हती.

तुमचा,
केदार